पंखा, चहा आणि तांबट: फोनच्या मदतीने नीट ऐकायला शिका

पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. कानात इअरबड्स असतील तर काढा, अर्धा मिनिट डोळे मिटा आणि आत्ता तुमच्या आसपास किती वेगवेगळे आवाज चालू आहेत ते बोटांवर मोजा.

किती झाले? ऑफिसमध्ये मी हा प्रयोग सहा-सात जणांवर केला. बहुतेकांची गाडी तीन-चारवर अडली: एसी, कीबोर्ड, कोणीतरी बोलतंय. मग त्याच जागी, त्याच वेळी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग त्यांना हेडफोनवर ऐकवलं. त्यात लिफ्टचं टिंग होतं, खुर्चीची चाकं होती, वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर मध्येच चालू झाला होता, खाली पार्किंगमध्ये कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेताना पीं-पीं करत होती. एकीने तर विचारलं, "हे इथलंच आहे ना नक्की?"

इथलंच होतं. तिच्या कानापर्यंत ते पोचलंही होतं. फक्त मेंदूने ते परस्पर कचऱ्यात टाकलं. जो आवाज बदलत नाही तो धोक्याचा नाही, असा मेंदूचा साधा हिशेब असतो. आणि आपण एका गोष्टीकडे लक्ष देत असलो की बाकीचं तो आपल्यापर्यंत येऊच देत नाही. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने लोकांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकाच कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा जाऊन बाईचा झाला तर लोकांच्या लक्षात यायचं. पण भाषा इंग्रजीची जर्मन झाली, तरी पत्ता लागला नाही!

हा फिल्टर वाईट नाही. तो नसता तर पंख्याखाली झोप लागली नसती. पण तो हवा तेव्हा बंद करता येतो, आणि ते शिकायला तुमच्या खिशातला फोन मस्त मदत करतो. कशी, तेच आज बघूया.

आधी एक अडचण: फोनही फिल्टर लावतो

कॉलवर बोलताना तुमचा फोन मेंदूसारखंच काम करतो. बहुतेक फोनमध्ये एकापेक्षा जास्त मायक्रोफोन असतात, एक तोंडाजवळ आणि एक वर किंवा मागे. दोन्हीकडचे आवाज ताडून, एकसारखा चालू असलेला गोंगाट कोणता याचा अंदाज घेऊन सॉफ्टवेअर तो कापून टाकतं. म्हणून तुम्ही मिक्सरशेजारी उभं राहून बोललात तरी समोरच्याला मिक्सर फारसा ऐकू येत नाही.

त्याशिवाय कॉलमध्ये आवाजाची पट्टीच अरुंद केलेली असते. माणसाचा तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमधून मात्र फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ जातं. एचडी कॉलमध्ये ते ७,००० च्या आसपास पोचतं. आता गंमत बघा. 'स' या अक्षराची बरीचशी ताकद ४,००० हर्ट्झच्या वर असते. म्हणजे साध्या कॉलवर 'स'चा मुख्य भाग पलीकडे जातच नाही! म्हणून आपण फोनवर आडनाव सांगताना "स, सागरातला स" असं करत बसतो.

वयस्कर माणसांचंही असंच होतं. वयानुसार ऐकू येणं कमी होताना आधी वरच्या फ्रीक्वेन्सी जातात, खालच्या बराच काळ टिकतात. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." ते अगदी तंतोतंत वर्णन आहे. आपण ओरडलो की स्वर मोठे होतात, पण 'स', 'श', 'फ' होते तिथेच राहतात. त्यापेक्षा समोर बसून, जरा सावकाश बोललं तर जास्त कळतं.

तर मुद्दा असा, की ऐकण्याच्या सरावासाठी कॉल किंवा व्हॉइस नोट वापरू नका, कारण दोन्ही बोलण्यासाठी बनवलेल्या आहेत. साधं रेकॉर्डर ॲप घ्या, त्यात नॉइज रिडक्शन असेल तर बंद करा आणि वेव्ह फॉरमॅटचा पर्याय असेल तर तो निवडा. आयफोनमध्ये व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये 'लॉसलेस' मिळतं. आणि हो, लोकांची बोलणी त्यांना न विचारता रेकॉर्ड करू नका.

आवाज डोळ्यांनी बघायचा

आता खरी मजेशीर गोष्ट: स्पेक्ट्रोग्राम. अँड्रॉइडवर स्पेक्ट्रॉइड नावाचं मोफत ॲप आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, त्यातही आवाजाचे प्रयोग आहेत.

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचा नकाशा. पेटीच्या पट्ट्या आठवा. एका टोकाला खर्ज, दुसऱ्या टोकाला तार. आता समजा त्या पट्ट्यांसमोरून कागद सरकत चाललाय आणि जी पट्टी वाजेल तिच्यासमोर कागदावर ठिपका पडतोय. मोठा आवाज, गडद ठिपका. झाला स्पेक्ट्रोग्राम. शिट्टी मारली तर एक बारीक रेघ दिसते. टाळी वाजवली तर सगळ्या पट्ट्या एकदम वाजल्यासारखा उभा पट्टा उठतो. 'स्स्स' केलं तर वरच्या बाजूला धुकं दिसतं, आणि 'आऽऽ' केलं तर एकावर एक समान अंतरावर रेघांची शिडी.

सेटिंगमध्ये एफएफटी साइझ नावाची गोष्ट दिसेल. इंजिनीअर मंडळींना ती माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात: फोन सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल आणि साइझ ८,१९२ असेल, तर फोन सुमारे ०.१७ सेकंदाचा तुकडा एकदम तपासतो आणि जवळपास ६ हर्ट्झचा फरक ओळखतो. साइझ वाढवली तर सूर बारकाईने कळतो पण वेळ पुसट होते. कमी केली तर उलटं. दोन्ही एकदम मिळत नाही. हे गणिताचंच बंधन आहे, महागडा फोन घेऊन ते सुटणार नाही.

पहिला प्रयोग पंख्यावर करा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर पंखा १ किंवा २ वर ठेवा. एक बारीक 'हूंऽऽ' ऐकू येईल. ॲपमध्ये खालच्या बाजूला १०० हर्ट्झपाशी आणि त्याच्या पटीत रेघा दिसतील. आपली वीज ५० हर्ट्झची. एका आवर्तनात प्रवाह दोनदा जोर धरतो, म्हणून मोटर आणि ट्रान्सफॉर्मर सेकंदाला १०० वेळा थरथरतात. रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापून वेग कमी करतो, त्या कापाकापीमुळे गुणगुण वाढते. पंखा ५ वर न्या: गुणगुण कमी होते, वाऱ्याचा सरसराट वाढतो. कॉलनीतल्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहा, तिथेही तोच सूर ऐकू येईल. एकदा हा सूर कानात बसला, की तुम्हाला तो फ्रिजमध्ये, पाण्याच्या पंपात, सगळीकडे सापडायला लागतो. जरा डोक्याला त्रासच होतो खरं तर.

स्वयंपाकघर ही सगळ्यात भारी लॅब आहे

स्टीलचा उंच, सरळ ग्लास घ्या आणि फिल्टरखाली भरायला लावा. डोळे मिटा. सूर चढत जातो, बरोबर? ग्लासात उरलेली हवा बासरीतल्या हवेसारखी घुमत असते. तळ बंद, तोंड उघडं. अशा नळीचा मूळ सूर काढायचा तर आवाजाच्या वेगाला नळीच्या लांबीच्या चौपटीने भागायचं. वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, ग्लास १२ सेंटिमीटर: उत्तर सुमारे ७०० हर्ट्झ. अर्धा भरला की हवा उरली ६ सेंटिमीटर, सूर गेला १,४०० च्या आसपास, म्हणजे जवळपास एक सप्तक वर. स्पेक्ट्रोग्रामवर ही रेघ आधी हळूहळू आणि काठाजवळ आल्यावर झपकन वर वळते. तुम्ही रोज बाटली भरताना मोबाइलकडे बघत असता आणि तरी पाणी सांडायच्या आत नळ बंद करता, ते याच वळणाच्या भरवशावर. म्हणजे तुमचा कान हे गणित आधीपासून करतोय, फक्त तुम्हाला सांगत नाहीये.

दुसरा प्रयोग चहाचा. गॅसवर पाणी ठेवा आणि न बघता आधण कधी येतं ते ओळखा. सुरुवातीला शांत. मग एक 'सूंऽऽ' सुरू होतो आणि चढत जातो. आणि मग, पाणी खरंच उकळायच्या जरा आधी, तो आवाज उतरतो आणि त्याची जागा मऊ खदखद घेते. बऱ्याच जणांना वाटतं की जितकं गरम तितका आवाज मोठा. तसं नाही. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या कमी गरम पाण्यात शिरतात आणि फुटून मिटतात. तो 'सूं' म्हणजे त्या मिटण्याचा आवाज. सगळं पाणी तापलं की बुडबुडे मिटत नाहीत, आख्खे वर येतात, आणि गोंगाट कमी होतो. माझी आई दुसऱ्या खोलीतून "पाणी झालं बघ" म्हणते तेव्हा तिने हा उतार पकडलेला असतो. मी तिला स्पेक्ट्रोग्राम दाखवला. ती म्हणाली, "यात नवीन काय?"

हेच कौशल्य गॅरेजमध्ये दिसतं. मुरलेला मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. धातूतून आवाज थेट येतो, आजूबाजूचा रस्ता गायब होतो आणि बिघाड नेमका कुठे आहे ते कळतं. कारखान्यांत आता हेच काम मोटरवर सेन्सर लावून आणि सॉफ्टवेअरने करतात. बेअरिंग खराब व्हायला लागलं की आकृतीत नवीन रेघा उगवतात, मशीन बंद पडण्याच्या बरंच आधी. तुमच्या गाडीचा रोजचा आवाज तुम्हाला पाठ असेल तर 'काहीतरी वेगळं वाजतंय' हे तुम्हालाही लवकर कळेल. त्यासाठी गाडी ठणठणीत असतानाच एकदा अर्धा मिनिट रेकॉर्डिंग करून ठेवा. तुलनेला काहीतरी हवं ना.

आवाजाला नाव द्या, आणि मराठीत द्या

नीट ऐकण्याचा सराव कसा करायचा याचा विचार खूप जणांनी केलाय. कॅनडातले संगीतकार मरे शेफर यांनी १९६७ मध्ये 'इअर क्लीनिंग' नावाचं पुस्तकच काढलं. एखाद्या जागेची ओळख बनलेल्या आवाजाला त्यांनी 'साउंडमार्क' म्हटलं, लँडमार्कसारखं. पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन बघा. तांब्यावर पडणारी हातोडी, टक-टक-टक. हा पुण्याचा साउंडमार्क नाही तर काय! आणि त्याच ठोक्यांची आठवण करून देणाऱ्या पक्ष्यालाही आपण तांबटच म्हणतो. उन्हाळ्यात वडा-पिंपळावर बसून एका लयीत टुक-टुक-टुक करत राहतो. स्पेक्ट्रोग्रामवर तो म्हणजे एका पातळीवर शिवलेले टाके. कोकिळ म्हणजे वर वळणारी रेघ, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडी वरची.

पक्षी ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत ॲप आहे. २०२१ पासून ते आवाजावरूनही पक्षी ओळखतं. ते प्रत्यक्षात 'ऐकत' नाही, आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढून ते चित्र ओळखतं. भारी आहे, पण माझी एक अट आहे: ॲप सगळ्यात शेवटी. आधी कानाने ऐका, मग वहीत किंवा नोट्समध्ये आवाजाचं वर्णन लिहा, मग ॲप उघडा. आधीच उघडलंत तर नाव मिळेल आणि आवाज विसराल. गाण्याचं नाव शोधणाऱ्या ॲप्समुळे आपलं जे झालंय तेच.

वर्णन लिहायला मराठीइतकी सोयीची भाषा मला तरी माहीत नाही. बघा: *धाडकन, खटकन, टपकन*. मागे 'कन' लागलं की आवाज एकदाच झाला. *खटखट, टपटप, टिकटिक*: तोच आवाज परत परत, लयीत. *खडखडाट, गडगडाट, किलबिलाट*: इतके आवाज एकात एक मिसळले की मोजता येत नाहीत. आम्ही सिग्नल प्रोसेसिंगमध्ये एकदाचा धक्का, आवर्ती सिग्नल आणि गोंगाट असं जे वर्गीकरण शिकलो, ते आजीच्या बोलण्यात आधीच होतं. अजून एक बघा: बांगड्या *किणकिण*तात, नाणं *खणखण*तं, देवळातली मोठी घंटा *घणघण*ते. वस्तू मोठी आणि सूर खाली, तसा शब्दही जाड होत जातो. ॲपसमोर 'किण' आणि मग 'घण' म्हणून बघा. 'इ' म्हणताना वरच्या बाजूला जो पट्टा उमटतो तो 'अ' म्हणताना खाली सरकतो.

यंत्राला शिकवायलाही लेबलंच लागतात. गूगलचं यॅमनेट नावाचं मॉडेल सुमारे एका सेकंदाचा तुकडा घेऊन त्याला ५२१ लेबलांत बसवतं. ऐकू न येणाऱ्यांसाठी अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये अशाच तंत्राची सोय आहे. दाराची बेल, बाळाचं रडणं, धुराचा अलार्म वाजला की फोन कळवतो. घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन आजच चालू करून द्या.

शांत खोलीतला प्रयोग

शेवटचा प्रयोग रात्रीचा. पंखा बंद, फोन सायलेंट, पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं आणि ऐकायचं. फ्रिज, लांबचा हायवे, पाल, शेजारच्यांचा टीव्ही. हा प्रयोग मी माझ्या कॉलेजच्या एका मित्राला सांगितला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मला एकच आवाज आला. आणि तो खोलीत नव्हता."

तो तीन वर्षं ढोल पथकात होता. नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव, गणपतीत मिरवणूक. सराव संपला की कानाला दडे बसायचे, सकाळपर्यंत सुटायचे. सगळ्यांचेच बसायचे, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. मग एका वर्षी दडे सुटले, पण बारीक 'ईंऽऽ' तसाच राहिला. दिवसा रस्त्याच्या आवाजात तो झाकला जायचा, म्हणून त्याला कळलंच नव्हतं की तो कायमचा आहे. ऑडिओग्राम काढला तर ४,००० हर्ट्झपाशी आलेख खाली गेलेला. मोठ्या आवाजाने कान खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा खड्डा तिथेच आसपास पडतो. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. त्यावर अपडेट येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल. पुढे दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. असं करत १०० डेसिबलला पोचेपर्यंत आख्ख्या आठवड्याचा कोटा जेमतेम २४ मिनिटांत संपतो. ढोल-ताशाच्या मधोमध आवाज १०० च्या पुढे सहज जातो, आणि सराव दोन-दोन तास चालतो. फोनवरच्या डेसिबल ॲपचा आकडा मात्र ब्रह्मवाक्य मानू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो आणि मोठ्या आवाजाला अनेक फोन गडबडतात. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का, ही कसोटी जास्त भरवशाची.

इअरबड्सनाही हाच हिशेब लागू आहे. लोकलमध्ये किंवा बसमध्ये नॉइज कॅन्सलिंग असेल तर ते चालू ठेवा, कारण मग आवाज कमी ठेवून भागतं. रस्त्यावर चालताना मात्र बंद.

मित्र अजून पथकात आहे. आता तो ध्वज घेतो, आणि नवीन मुलांना फोमचे इअरप्लग वाटतो: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. पहिल्या दिवशी निम्मी मुलं ते काढून खिशात टाकतात, म्हणे ताशाचा ठेका कळत नाही. मग तो त्यांना ताशाचं रेकॉर्डिंग पाठवतो आणि घरी प्लग घालून स्पीकरवर ऐकायला लावतो, तेही ताशा आणि ढोल वेगवेगळे मोजत. दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतर ठेका प्लगमधूनही कळतो.